वाट, पाणी आणि वास्तू : तंजावरच्या मराठेकालीन छत्रांचे स्थलभान

तंजावरच्या मराठी राज्याविषयी मराठीत झालेल्या लेखनाचा ओढा मुख्यतः ग्रंथांकडे राहिला आहे. शहाजीराजांची नाटके, सरस्वतीमहालातील हस्तलिखिते, मोडी दफ्तरे आणि बृहदीश्वराच्या प्राकारभिंतीवर १८०३ साली कोरविलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ लेख यांचा अभ्यास कमीअधिक प्रमाणात झाला. वास्तूंचा उल्लेख येतो तो या ग्रंथव्यवहाराची पार्श्वभूमी म्हणून, किंवा मग मराठ्यांनी दक्षिणेत उभारलेल्या वैभवाच्या अभिमानापोटी. दोन्ही प्रकारांत वास्तू मुकीच राहते. वस्तुतः इमारत कोठे उभी करावी, तिचे तोंड कोणत्या दिशेला असावे, कोणाला आत घ्यावे आणि कोठवर, हे निर्णय कोणीतरी घेतलेले असतात. ते भिंतींत, चौकांत आणि वाटांत उतरलेले असतात आणि तेथून ते वाचताही येतात. सार्वजनिक आणि औद्योगिक इमारतींनी आपल्या वस्तीस्थळाला कसा प्रतिसाद द्यावा हा प्रश्न आज वास्तुकलेच्या परिभाषेत विचारला जातो. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील मराठेकालीन छत्रांनी या प्रश्नाला दोनशे वर्षांपूर्वी काही उत्तरे दिली होती. ती तपासताना कौतुकाची घाई मात्र टाळावी लागते.

प्रथम शब्दाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. तमिळमधील 'सत्तिरम' आणि मराठीतील 'छत्र' या दोन्हींच्या मुळाशी संस्कृत 'सत्र' आहे. सत्र म्हणजे दीर्घकाळ चालणारा यज्ञ. पुढे अखंड अन्नदानालाही तेच नाव मिळाले. मराठीत 'अन्नसत्र' आणि 'अन्नछत्र' ही दोन्ही रूपे रूढ आहेत. दुसऱ्या रूपात ध्वनीबरोबर अर्थही थोडा सरकला आहे. पहिले रूप कृतीचे नाव आहे, दुसऱ्यात छायेची, छपराची कल्पना शिरते. छत्रांविषयीची बहुतेक वर्णने या दुसऱ्या अर्थातच अडकून पडली आहेत. त्यांत खांब मोजले जातात, नक्षी वर्णिली जाते. सत्र कसे चालत होते याची चौकशी होत नाही. छत्र ही एक इमारत नव्हेच. वाटेलगतची ओसरी, आतले चौक, स्वयंपाकघर, कोठार, विहीर, तळे, बाग, देऊळ, पाठशाळा आणि या सर्वांच्या खर्चासाठी नेमून दिलेली गावे मिळून छत्र होते. यांपैकी छपराखाली येणारा भाग निम्माही नाही.

आता भूगोलाकडे वळावे. कावेरीचा त्रिभुज प्रदेश नकाशावर एकजीव हिरवा दिसतो, पण त्यात एक जुनी सीमारेषा आहे. कल्लणैपासून फुटणाऱ्या कावेरी आणि वेण्णार यांच्या शाखोपशाखांनी भिजणारा भाग हा जुना त्रिभुज प्रदेश. तंजावरच्या दक्षिणेला जमीन किंचित चढते. तेथे नदीचे पाणी पोहोचत नसे आणि शेती तळ्यांवर व पावसावर चाले. ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै हा तो पट्टा. १९३४ साली मेट्टूर धरणाबरोबर कल्लणैचा मोठा कालवा पूर्ण झाला, तेव्हा हा पट्टा कावेरीच्या पाण्याखाली आला आणि त्याला 'नवा त्रिभुज प्रदेश' म्हणू लागले. छत्रांच्या जागा वाचायच्या तर १९३४ पूर्वीचा हा नकाशा डोळ्यांपुढे ठेवणे अपरिहार्य आहे. आजच्या हिरवाईत उभे राहून ओरत्तनाडूचे छत्र पाहणारा अभ्यासक त्याच्या जागेचा निम्मा अर्थ गमावतो.

नीडामंगलम येथील यमुनांबाळ छत्र प्रतापसिंहाच्या कारकीर्दीतील (१७३९–१७६३) मानले जाते. हे गाव जुन्या त्रिभुज प्रदेशात अगदी मध्यावर, वेण्णारच्या काठी आहे. येथेच वेण्णारपासून कोरैयार आणि पामणियार वेगळ्या होतात. पाणी जेथे वाटले जाते तेथे वाटाही फुटतात, कारण त्रिभुज प्रदेशातील वाट बहुधा नदीच्या किंवा कालव्याच्या बांधावरूनच जाते. अशा ठिकाणी छत्राला पाण्याची चिंता नव्हती. होती ती गर्दीची आणि पावसाची. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत या प्रदेशाला झोडपतो. बांध सुटतात, भातखाचरे एक होतात, उतार बंद पडतात. वाटसरू दोन-चार दिवस अडकून पडणार हे गृहीत धरूनच येथील छत्राला ओसरी आणि कोठार लागते.

ओरत्तनाडूची गोष्ट वेगळी आहे. तंजावरहून पट्टुक्कोट्टै सत्तेचाळीसएक किलोमीटर, आणि ओरत्तनाडू या अंतराच्या जवळजवळ मध्यावर. पायी चालणाऱ्या यात्रेकरूचा हा एक दिवसाचा पल्ला. रामेश्वरास निघालेला वाटसरू सकाळी तंजावरचा कोट सोडी आणि संध्याकाळी येथे पोहोचे तेव्हा नद्यांचा प्रदेश मागे पडलेला असे. पुढे कोरडा माळ, मग समुद्रकाठची वाळू. दुसऱ्या सरफोजीने १९व्या शतकाच्या अगदी आरंभी येथे मुक्तांबाळ छत्र उभारले. मुक्तांबा ही सरफोजीची प्रिय सहचरी. तिच्या अखेरच्या इच्छेनुसार हे छत्र बांधले गेले अशी परंपरा सांगते. परंपरेतील या भावुकतेमुळे जागेची निवड मात्र झाकली जाते. स्मारकच बांधायचे असते तर ते तंजावरच्या कोटात, राजवीथीवर, सर्वांच्या डोळ्यांपुढे बांधता आले असते. ते पहिल्या कोरड्या मुक्कामावर बांधले गेले. जेथे पाणी आपोआप मिळत नाही, तेथे पाण्याची सोय करणे हाच वास्तूचा पहिला धर्म ठरतो. तळे खोदणे, विहिरी बांधणे आणि मग ओसरी उभारणे, असा येथील क्रम समजावा लागतो.

या रचनेमागील हेतू समजून घेण्यास एक असामान्य लेखी पुरावा उपलब्ध आहे. ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावरचा मुलूख कंपनी सरकारकडे गेला आणि सरफोजीकडे किल्ला, भत्ता व मान तेवढा उरला. या व्यवहारात छत्रांचे काय होणार या काळजीने त्याने १८०१ साली रेसिडेंटला पत्र लिहिले आणि छत्रे आपल्याकडेच ठेवावीत अशी विनंती केली. पत्रात छत्रांचा दिनक्रम तपशिलाने येतो. ब्राह्मणांपासून फकिरांपर्यंत सर्व पंथांच्या वाटसरूंना अन्न मिळते. शिजलेले अन्न ज्यांना चालत नाही त्यांना कोरडा शिधा दिला जातो. मध्यरात्री घंटा वाजवून कोणी उपाशी राहिले असल्यास त्याला बोलावले जाते. तान्ह्या मुलांना दूध, गरोदर स्त्रियांची देखभाल, बाळंत झाल्यास काही काळ राहण्याची मुभा, आजाऱ्याला औषध, मृताला त्याच्या रीतीप्रमाणे अंत्यसंस्कार, अनाथ मुलांना शिक्षण, असा हा पट आहे.

राजकीय दृष्ट्या हे एका सत्ताहीन राजाचे आर्जव आहे, त्यामुळे त्यात रंग गडद असणार हे उघड आहे. प्रत्येक छत्रात प्रत्येक दिवशी हे सारे घडत होते असे मानण्याचे कारण नाही. जेवणाच्या पंक्तींत जातिभेद पाळले जात असणार हेही गृहीत धरले पाहिजे. शिजलेले अन्न आणि कोरडा शिधा हा भेदच ते सांगतो. तरीही या पत्राचे एक वेगळे मोल आहे. वास्तुकाराला काम सांगताना यजमान जी गरजांची यादी देतो, तशी ही यादी आहे, फक्त ती इमारत झाल्यानंतर लिहिलेली. शिधा आणि शिजलेले अन्न या दोन पद्धती म्हणजे दोन कोठारे, दोन वाटपाच्या जागा, आणि शिधा घेणाऱ्यांना आपली चूल मांडण्यासाठी उघडा चौक. बाळंतिणीला राहू द्यायचे म्हणजे रोजच्या येण्याजाण्यापासून दूर एक बाजू. मध्यरात्रीची घंटा ऐकू जायची तर आवाज वाटेवर पोहोचला पाहिजे. वाटेपासून दूर, भिंतीआड असलेल्या इमारतीत ती घंटा निरर्थक ठरते. वास्तूची मर्यादा तिच्या भिंतीपाशी संपत नाही, तिचा आवाज जाईल तेथवर ती पसरते, ही कल्पना त्या घंटेत आहे. छत्रांच्या संपूर्ण आराखड्यात याहून आधुनिक गोष्ट दुसरी सापडत नाही.

मुक्तांबाळ छत्राची ख्याती मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. दर्शनी भागात जोत्याला रथाचे रूप दिले आहे; चाके कोरलेली आहेत आणि हत्ती-घोडे तो रथ ओढताना दाखवले आहेत. चोळांच्या काळापासून, विशेषतः दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरापासून, रथाकार मंडपाची ही कल्पना या प्रदेशाला परिचित आहे. देवाचा रथ वर्षातून एकदा वीथीवर येतो. येथे वाटसरूंचे घरच रथ झाले, असे तिचे सुंदर स्पष्टीकरण देता येते आणि ते अनेकदा दिले जाते. तथापि या शिल्पावर जितका भर दिला जातो तितका त्याला पेलत नाही. ते उत्तम कारागिरीचा नमुना आहे. पण ते काढून टाकले तरी छत्र छत्रच राहते. ओसरी काढली तर ते राहत नाही.

या ओसरीचा विचार मराठी वाचकाने विशेष करावा असा आहे. तमिळ घराच्या दाराशी रस्त्यालगत 'तिण्णै' असते. उंचवट्यावर, खांबांच्या आधाराने, छपराखाली, पण घराबाहेर. वाटसरूने विचारल्याशिवाय टेकावे अशी ती जागा. आत गेल्यावर 'मुट्रम', म्हणजे उघडा चौक. पाऊस त्यात पडतो आणि वारा त्यातून वर जातो. छत्राच्या बांधणीत हीच दोन अंगे वाढवून घेतली आहेत. दर्शनी खांबांची ओळ म्हणजे गावभराची तिण्णै, आणि एकामागून एक येणारे चौक म्हणजे मुट्रमांची माळ. पेशवाईतील वाड्यालाही ओटा आणि चौक होते. पण वाड्याची रस्त्याकडची बाजू मुळात भिंतीची, दिंडी दरवाजाची, संरक्षणाची. तंजावरच्या मराठी राज्यकर्त्यांनी छत्रे बांधताना वाडा दक्षिणेत आणला नाही. वीट, चुना आणि लाकूड ही या गाळाच्या प्रदेशाची सामग्री, तमिळ गवंड्यांचे हात आणि तमिळ घराचा आराखडा त्यांनी स्वीकारला. म्हणून 'मराठा वास्तुशैली' या नावाखाली या इमारतींची गणना करणे शास्त्रीय दृष्ट्या संशयास्पद आहे. त्यांतील मराठीपणा शैलीत शोधू नये. तो निर्णयांत आणि हिशेबाच्या मोडी कागदांत आहे. अहिल्याबाई होळकरांनी हिंदुस्थानभर बांधलेल्या घाट-धर्मशाळांचा विचारही याच अंगाने व्हायला हवा.

सरफोजीच्याच दुसऱ्या एका इमारतीशी ही तुलना पुढे नेता येते. पट्टुक्कोट्टैच्या पलीकडे, मल्लिपट्टणमजवळ, पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठी शरभेंद्रराजपट्टणम येथे त्याने १८१४-१५ मध्ये षट्कोनी, आठ मजली मनोरा उभारला. नेपोलियनच्या पराभवाचे आणि इंग्रजांच्या विजयाचे ते स्मारक आहे, आणि त्यावरील लेख तसे सांगतो. तंजावर ते ओरत्तनाडू, ओरत्तनाडू ते पट्टुक्कोट्टै, तेथून मनोरा, अशी ही जवळजवळ एकच वाट आहे. तिच्या एका मुक्कामावर छत्र, शेवटी मनोरा; दोहोंमध्ये सुमारे बारा-तेरा वर्षांचे अंतर आणि बांधणारा एकच. तरी स्थळाशी असलेले त्यांचे नाते पूर्णपणे उलटे आहे. मनोऱ्याला त्या किनाऱ्यावरील कोळ्यांशी, मीठ पिकवणाऱ्यांशी काही बोलायचे नाही. युरोपात घडलेल्या घटनेविषयी, कलकत्ता आणि लंडनमधील वाचकांसाठी, पाल्कच्या सामुद्रधुनीच्या काठी लिहिलेले ते वाक्य आहे. त्याला समुद्र हवा होता तो केवळ दुरून दिसण्यासाठी.

येथे सरफोजीवर अन्याय होऊ नये. जगाचा भूगोल कुरवंजीच्या नाट्यबंधात मांडणारे 'देवेंद्र कुरवंजी' त्याने मराठीत लिहिले. दूरच्या प्रदेशांविषयीचे त्याचे कुतूहल खरे होते. शिवाय मनोऱ्याचा दीपस्तंभासारखा उपयोगही झाला असे सांगतात, आणि तसे असेल तर गलबतांशी तरी तो काही बोलला. परंतु सार्वजनिक वास्तू म्हणून पाहता मनोरा हा स्थळ वापरून घेणारा प्रकार आहे. छत्र स्थळाला वाहिलेले आहे. एकाच व्यक्तीच्या हातून हे दोन्ही घडावे, यावरून स्थलभान हा स्वभावाचा गुण नसून प्रत्येक कामागणिक नव्याने घ्यावा लागणारा निर्णय आहे असे दिसते. तंजावरच्या राजवाड्यातील सरजा माडी ही या दोहोंच्या मधली अवस्था मानता येईल. पूर्व राजवीथीकडे तोंड केलेल्या तिच्या सज्जांना रस्ता हवा आहे. पण तो पाहण्यासाठी.

छत्रांच्या बाजूने इतके सांगितल्यावर त्यांच्यावरील सर्वांत गंभीर आक्षेपाचा विचार टाळता येत नाही. वास्तू वाटेला इतकी बांधलेली असेल तर वाट बदलल्यावर तिचे काय होते? हा प्रश्न काल्पनिक नाही. १८६१ मध्ये नागपट्टणमहून तंजावरपर्यंत रेल्वे आली. १९१४ मध्ये पांबनचा पूल झाला आणि रामेश्वरचा यात्रेकरू आगगाडीने थेट बेटावर उतरू लागला. ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै, मनमेलकुडी या मार्गावरील पायी वर्दळ ओसरली. मनमेलकुडीचे द्रौपदांबाळ छत्र, मुक्तांबाळ छत्र, ही सारी एका पिढीत आपल्या कारणापासून तुटली. १८५५ मध्ये दुसऱ्या शिवाजीच्या मृत्यूने राजवंशाचा कारभारच संपला होता. पुढे छत्रांची व्यवस्था सरकारी आणि जिल्हा मंडळाच्या हाती गेली, उत्पन्नाची गावे हिशेबाच्या वह्यांत राहिली आणि अन्नदान आटत गेले. नीडामंगलमला रेल्वेचे जंक्शन झाल्यामुळे तेथे निदान माणसे येत राहिली, पण ती फलाटावर थांबू लागली.

स्थळाशी बेतलेली वास्तू स्थळाबरोबर मरते, म्हणून सार्वजनिक इमारत कोठेही चालेल अशी सर्वसाधारण असावी, असा निष्कर्ष यावरून काढणारे आहेत. सरकारी बांधकाम खात्यांचे ठरीव नकाशे याच समजुतीवर चालतात. एकच नकाशा तिरुनेलवेलीलाही आणि तंजावरलाही वापरला जातो. पण छत्रांचा पुढील इतिहास या निष्कर्षाला दुजोरा देत नाही. मुक्तांबाळ छत्राच्या वास्तूत पुढील काळात शाळा आणि विद्यार्थ्यांचे वसतिगृह चालले. त्यासाठी फारसे काही बदलावे लागले नाही, कारण चौकाभोवतीच्या ओसऱ्या मुलांना बसायला, झोपायला, जेवायला तशाच उपयोगी पडल्या. वारा आणि उजेड आधीच होता. वाटेला दिलेले उत्तर कालबाह्य झाले. हवेला, पावसाला आणि माणसांच्या घोळक्याला दिलेले उत्तर झाले नाही. स्थळ म्हणजे केवळ रस्ता असे समजल्यामुळे हा आक्षेप उद्भवतो. स्थळाचे काही घटक शतकात बदलतात, काही हजार वर्षांत बदलत नाहीत. छत्राच्या आराखड्याने दोन्ही विचारात घेतले होते, आणि नंतरच्या उपेक्षेला तो आराखडा जबाबदार नाही. ती जबाबदारी उत्पन्न तोडणाऱ्या व्यवस्थेची आहे.

येथे तंजावरच्या अलीकडच्या सार्वजनिक बांधकामांकडे ओझरती दृष्टी टाकणे पुरे. १९८१ मध्ये स्थापन झालेले तमिळ विद्यापीठ शहराबाहेरच्या विस्तीर्ण माळावर वसवले गेले. १९९५ च्या जागतिक तमिळ परिषदेच्या निमित्ताने राजराजन मणिमंडप उभा राहिला. मणिमंडपाचे शिखर चोळ विमानाची आठवण देते, आणि त्याच्या पलीकडे काही देत नाही. एक हजार वर्षे जुने मूळ विमान त्याच शहरात उभे असताना ही आठवण कोणासाठी, हे समजणे कठीण आहे. प्रादेशिकतेचा समीक्षक विचार मांडणाऱ्या केनेथ फ्रॅम्प्टनने १९८३ मधील आपल्या निबंधात स्थळाच्या भूरूपाला, प्रकाशाला आणि स्पर्शाला महत्त्व देत अशा भावुक अनुकरणाविरुद्ध इशारा दिला होता. पाश्चात्त्य सिद्धान्ताचा हवाला येथे अनिवार्य आहे असे मात्र नाही. तिण्णैवर बसलेल्या कोणालाही हा फरक कळतो.

औद्योगिक इमारतींचा प्रश्न या प्रदेशात अधिक निकडीचा आहे आणि त्याकडे साहित्य-संस्कृतीच्या अभ्यासकांचे लक्ष जवळजवळ जात नाही. त्रिभुज प्रदेशाचा उद्योग म्हणजे भात: मळणी, वाळवण, साठवण, भरडणे. पापनाशमजवळ तिरुपालैत्तुरै येथे देवळाच्या आवारात १७व्या शतकातील, नायककालीन, जाड विटांचे प्रचंड धान्यकोठार आहे. ते आज संरक्षित स्मारक आहे. मातीच्या ओलीपासून आणि पावसापासून धान्य राखणे हे त्याचे एकमेव काम, आणि त्याचा सारा आकार त्या कामातून आलेला आहे. नदीकाठच्या गावात, पिकाजवळ, पण पुरापासून राखून ते बांधले गेले.

आज कुरुवै हंगामाचे भात साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणीला येते, आणि ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरमध्येच सुरू होतो. सरकारच्या थेट खरेदी केंद्रांवर भाताचे ढीग उघड्यावर, ताडपत्रीखाली पडलेले असतात. खरेदीसाठी ओलाव्याची कमाल मर्यादा १७ टक्के आहे. ती शिथिल करावी अशी मागणी राज्याला केंद्राकडे वेळोवेळी करावी लागते. म्हणजे हवामानाला जे उत्तर वास्तूने द्यायचे, ते पत्रव्यवहाराने दिले जाते. हे केवळ प्रशासनाचे अपयश मानणे पुरेसे नाही. छपराखाली वाळवणाची जागा, वाऱ्याच्या दिशेने उघडी बाजू, गाडीच्या उंचीचे जोते, बांधावरच्या रस्त्याला लागून असलेला माल उतरवण्याचा ओटा, या गोष्टींचा आराखडा कोणी तरी करायला हवा, आणि तो गावोगावच्या जमिनीच्या उताराप्रमाणे बदलायला हवा. फेब्रुवारी २०२० मध्ये तमिळनाडूच्या विधानसभेने या प्रदेशासाठी संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा केला. नव्या तेल-वायू उत्खननाला, धातू वितळवण्याच्या आणि कातडी कमावण्याच्या नव्या कारखान्यांना त्याने बंदी केली. येथे काय बांधू नये हे त्याने सांगितले, आणि ते योग्यच होते. काय बांधावे, आणि कसे, हा प्रश्न कायद्याच्या कक्षेबाहेर राहिला.

या बाबतीत एक उदाहरण मराठी वाचकाच्या ओळखीचे असायला हवे, पण ते फारसे नाही. आचऱ्याचे अच्युत कानविंदे यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी गुजरातमध्ये मेहसाणा येथे दूधसागर डेअरीची इमारत रचली. दूध वरून खाली आपल्या वजनाने वाहत प्रक्रियेच्या एकेका टप्प्यातून जाते, आणि आतली उष्ण हवा उंच धुराड्यांसारख्या उभ्या झरोक्यांतून बाहेर पडते. हे झरोकेच इमारतीचे रूप ठरवतात. कारखान्याची प्रक्रिया आणि त्या प्रदेशाची हवा या दोहोंना एकाच आकाराने उत्तर दिले आहे. भाताच्या गिरणीसाठी असा विचार करायला काही अडचण असू नये. मेहसाण्याची नक्कल तंजावरला उपयोगी नाही हे उघड आहे, कारण तेथील प्रश्न कोरड्या उष्णतेचा आणि येथील ओलीचा.

स्थळाची उपेक्षा करणारी इमारत किती महाग पडू शकते, याचे एक उदाहरण याच प्रदेशात घडले. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणममधील एका शाळेला आग लागली आणि ९४ मुले मृत्युमुखी पडली. दाट वस्तीतील अरुंद जागा, माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातील विस्तव, झावळ्यांचे छप्पर आणि वरच्या मजल्यावरील मुलांना बाहेर पडण्यासाठी अपुरा जिना, एवढ्यांत हे घडले. मुलांना शिकवणे आणि त्यांना जेवू घालणे ही दोन्ही कामे एका वास्तूत करण्याचा या प्रदेशाला मोठा अनुभव होता. छत्रे तेच करत होती. विस्तव मागच्या अंगाला, माणसे पुढच्या अंगाला, मध्ये उघडा चौक, आणि कोणत्याही कोपऱ्यातून आकाशाखाली पोहोचता येईल अशी ओसरी, ही तमिळ घराची जुनी मांडणी होती. झावळ्या आणि अरुंद गल्ल्या तेव्हाही होत्या. चौक मात्र होता. शहरी जमिनीचा भाव वाढल्यावर पहिल्यांदा नाहीसा होतो तो चौकच, कारण तो रिकामा दिसतो.

मुक्तांबाळ छत्राच्या जीर्णोद्धाराची मागणी गेली काही वर्षे होत आहे. अशा वेळी दुरुस्तीचा हात प्रथम रथाच्या चाकांवर, हत्ती-घोड्यांवर आणि नावाच्या फलकावर पडतो. मराठी बाजूने येणारा आग्रहही बहुधा भोसले घराण्याच्या नावापुरता असतो. तळ्याला पाणी येण्याच्या वाटा, विहिरी, मागचे स्वयंपाकघर, कोठारे आणि रस्त्याकडची मोकळी ओसरी यांना दुय्यम स्थान मिळाले, तर जे उभे राहील ते छत्राचे छायाचित्र असेल. ओसरीसमोर कुंपण घालून तिकीटघर बांधणे हा तर या वास्तूच्या मूळ निर्णयाचाच भंग ठरेल. शाळा, वसतिगृह, दवाखाना किंवा वादळ-पुराच्या काळातील निवारा यांपैकी कोणताही उपयोग त्यापेक्षा अधिक उचित आहे. १६ नोव्हेंबर २०१८ च्या गज चक्रीवादळाने ओरत्तनाडू आणि पट्टुक्कोट्टै परिसरातील नारळाच्या बागा आडव्या केल्या. या पट्ट्याला भक्कम सार्वजनिक छपराची गरज संपलेली नाही हे त्या वेळी दिसून आले.

दुरुस्तीच्या आराखड्यासाठी लागणारी बरीच माहिती कागदावर असण्याचा संभव आहे. छत्रांच्या कारभाराचे मोडी कागद सरस्वतीमहालात आणि तमिळ विद्यापीठात आहेत, आणि विद्यापीठाने १९८०च्या दशकात त्यांतील निवडक कागदांचे तमिळ अनुवाद टिपांसह प्रसिद्ध केले. मराठीत लिहिलेले हे हिशेब मराठी अभ्यासकाने आज तमिळ अनुवादावरून वाचावेत अशी स्थिती आहे. चुन्याला किती, लाकडाला किती, कोणत्या महिन्यात किती तांदूळ शिजला, तळ्याच्या गाळउपशावर काय खर्च झाला, स्वयंपाकी किती आणि पाणक्ये किती, अशा नोंदींचे वाचन इमारतीच्या मोजमापाशी जुळवून करणे हे वास्तुकार आणि मोडी वाचक यांनी मिळून करावयाचे काम आहे. मुक्तांबाळ छत्रापासून त्याचा आरंभ करता येईल. तेथे वास्तू अजून उभी आहे, आणि ज्या वाटेसाठी ती बांधली तिच्यावरून पट्टुक्कोट्टैच्या गाड्या आजही जातात.